शहाऐंशी की एकशे अकरा? चढ आणि रेषेच्या समीकरणाचं एक प्रकरण

गेल्या जुलैत अकरावी विज्ञानची एक मुलगी माझ्याकडे गणिताला येऊ लागली. भांडुपच्या डोंगराकडच्या वस्तीत राहणारी, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, गणितात चांगले गुण मिळवलेली. वडील रिक्षा चालवतात. कॉलेजात 'स्ट्रेट लाइन' हे प्रकरण इंग्रजीतून सुरू झालं आणि दोन आठवड्यांत तिचा धीर सुटला. तिचं म्हणणं, भाषेमुळे अडतंय. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

पहिल्या दिवशी मी तिला मराठीतून तीन गणितं दिली. पहिलं, (−१, ४) आणि (३, −२) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढ, म्हणजे उजवीकडे एक घर गेलं की रेष किती घरं वर जाते तो आकडा. दुसरं, (३, १) आणि (३, ६) यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढ. तिसरं तिच्या घरातलंच होतं. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये झालं आणि पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये. अंतर क्ष आणि भाडं य धरून समीकरण लिही.

तिची उत्तरं अशी होती: ३/२, शून्य, आणि य = १७.१४ क्ष + २६.

तिन्ही चुकलेली. भाषा मराठी होती, सूत्र तिला तोंडपाठ होतं, आकडेमोडही व्यवस्थित होती. वहीकडे बघत मी सहज विचारलं, "बाबांनी स्टेशनहून पाच किलोमीटरवर पॅसेंजर सोडला तर किती होतात गं?"

"शहाऐंशी," ती म्हणाली. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

"आता तुझ्या समीकरणात पाच घालून बघ."

तिनं घातले. ८५.७० अधिक २६, म्हणजे १११.७०. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिनं अगदी मनापासून विचारलं, "बाई, मग रिक्षाचं गणित वेगळं असतं का?"

हे सगळं प्रकरण त्या प्रश्नासाठी लिहून ठेवावंसं वाटलं. तिला रिक्षाचं भाडं येत होतं आणि रेषेचं सूत्रही येत होतं, पण या दोन गोष्टींची आपसात ओळखच नव्हती.

दोन पुस्तकं, दोन पेपर

ही ओळख का नव्हती हे शोधायला मी तिची दहावीची पुस्तकं मागवली. गणित भाग १मधलं पहिलंच प्रकरण 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. तिथे समीकरण दिलेलं असतं, मुलं चार बिंदूंचा तक्ता करतात, आलेख कागदावर बिंदू मांडून रेष ओढतात आणि दोन रेषा जिथे छेदतात ते उत्तर लिहितात. रेषेचा चढ तिथे कुणी विचारत नाही. गणित भाग २मध्ये पाचवं प्रकरण 'निर्देशक भूमिती'. तिथे दोन बिंदू दिलेले असतात, चढाचं सूत्र असतं, आणि चढ काढला की गणित संपतं. त्या रेषेचं समीकरण कोणतं, हे तिथे कुणी विचारत नाही. दोन भागांचे पेपर वेगळे, दिवस वेगळे, वह्यासुद्धा वेगळ्या. एका पुस्तकातली रेष आणि दुसऱ्या पुस्तकातली रेष एकच आहे, हे मुलांनी आपलं आपण ओळखायचं. काही ओळखतात. बहुतेकांना अकरावीत गेल्यावर एकदम सामोरं जावं लागतं, तेही 'वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी' अशा मंत्रासारखं. यात 'एम' म्हणजे चढ आणि 'सी' म्हणजे एक्स शून्य असतानाचा वाय.

तिच्या मनात 'एम' म्हणजे सूत्रातून येणारा आकडा आणि 'सी' म्हणजे गणितात उरलेला दुसरा आकडा. २६ उरला होता, तो तिनं 'सी'च्या जागी बसवला. तिच्या लेखी हे बरोबरच होतं.

मी आधी तिच्याकडून सूत्राची वीस गणितं करून घेतली. आठवड्याभरानं त्यातली सतरा बरोबर यायला लागली, पण रिक्षाचं समीकरण विचारलं की पुन्हा २६ तिथेच. सरावानं हात बसतो. इथे हात आधीच बसलेला होता, त्यामुळे तो आठवडा कामी आला नाही.

"येताना तर उतार असतो ना?"

मग पहिल्या गणिताकडे वळले. तिनं अंशात ४ − (−२) घेतलं होतं आणि छेदात ३ − (−१). म्हणजे वर पहिल्या बिंदूतून दुसरा वजा केला आणि खाली दुसऱ्यातून पहिला. ही चूक शिक्षकांना पाठ असते, 'क्रम सांभाळ' म्हणून लाल पेन फिरवायची सवयही असते. मी मात्र तिला विचारलं, असं का केलंस?

ती म्हणाली, "बाई, आमच्या घराकडे जाताना चढ आहे, स्टेशनकडे येताना उतार आहे. रस्ता एकच आहे. मग रेषेचा चढ कुठून मोजायचा ते कसं ठरवायचं? मला वाटलं, कसाही मोजला तरी चालेल."

तिचा प्रश्न खरा होता. मराठीत 'चढ' हा शब्द जिवंत आहे, पायांना कळणारा आहे, आणि म्हणूनच तो इथे थोडा आडवा येतो. रस्त्याचा चढ चालणाऱ्याच्या दिशेवर अवलंबून असतो. रेषेचा नसतो. का नसतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी आलेख कागदावर (१, २) आणि (५, १०) हे बिंदू मांडले. पहिल्यापासून दुसऱ्याकडे बोटानं जायला सांगितलं. उजवीकडे ४ घरं, वर ८ घरं. आठ भागिले चार, दोन. मग उलट यायला सांगितलं. डावीकडे ४, म्हणजे −४. खाली ८, म्हणजे −८. उणे आठ भागिले उणे चार, पुन्हा दोनच.

"उतरताना तू खाली येतेस, पण मागेही येतेस. दोन्ही चिन्हं एकदम बदलतात."

तिनं बोट तीनचार वेळा वरखाली फिरवलं. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे मी वर जाताना उजवीकडे मोजलं आणि खाली येताना डावीकडे मोजलं तर चालेल. पण अर्धं जाताना, अर्धं येताना घेतलं तर नाही चालणार." क्रम सांभाळण्याचा नियम यापेक्षा चांगला मी कधी ऐकलेला नाही.

घाटातून रेल्वेनं गेलेल्यांना हे लगेच पटतं. कर्जत ते लोणावळा हा भोर घाटातला लोहमार्ग १८६३मध्ये सुरू झाला. त्याचा सर्वांत कडक चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. वर जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात आणि उतरताना ब्रेकची काळजी घेतात, पण रुळाचा आकडा दोघांनाही एकच, ३७ला १. भागाकार केला तर ०.०२७, दीड अंशाच्या आसपासचा कोन. कागदावर काढला तर ती रेष जवळजवळ आडवीच दिसते. एवढ्याशा चढासाठी इतकी इंजिनं, हे ऐकून तिचे डोळे मोठे झाले.

मीटरचा तक्ता

पुढच्या वेळी ती रिक्षाचे आकडे घेऊन आली. आम्ही दर किलोमीटरचं भाडं काढून जवळच्या पूर्ण रुपयात लिहिलं: २ला ३५, ३ला ५२, ४ला ६९, ५ला ८६, ६ला १०३, ७ला १२०, ८ला १३७, ९ला १५५, १०ला १७२.

मी सांगितलं, शेजारशेजारच्या आकड्यांतला फरक काढ. १७, १७, १७, १७, १७, १७. आणि मग आठ ते नऊमध्ये १८. "इथे चुकलं," म्हणून तिनं खोडरबर उचललं. मी थांबवलं. खरं भाडं १३७.४१ आणि १५४.५५ आहे, पहिलं खाली आलं आणि दुसरं वर गेलं. दर किलोमीटरचे ते चौदा पैसे साठत साठत इथे रुपयाच्या रूपानं बाहेर पडले.

मग मी विचारलं, हे सगळं आपल्याला माहीत नसतं आणि नुसता हा तक्ता हातात असता, तर खरा दर कसा काढला असता? तिनं २ आणि ३ घेतले: १७. मी म्हटलं, लांबचे घे. २ आणि १० घेतले: १७२ वजा ३५, म्हणजे १३७, भागिले ८, म्हणजे १७.१२५. खऱ्या दराच्या किती जवळ! पूर्ण रुपयात लिहिताना होणारी चूक अर्ध्या रुपयापेक्षा मोठी होत नाही. अंतर वाढवलं की तेवढीच चूक जास्त किलोमीटरांत वाटली जाते. प्रयोगशाळेत आलेखावरून चढ काढताना बिंदू लांबलांबचे घ्यायला सांगतात ते यासाठीच.

आणि बिंदू कुठलेही घेतले तरी चढ तोच का येतो? याचं उत्तर तिच्याच भाग २च्या पहिल्या प्रकरणात, समरूपतेत होतं. रेषेवर कुठेही पुढे-वर असा काटकोन त्रिकोण काढा, लहान काढा, मोठा काढा, कोन तेच राहतात, म्हणून बाजूंचं गुणोत्तरही तेच राहतं. तिनं समरूपतेची दीडपानी प्रमेयं पाठ केली होती. ती इथे उपयोगी पडतात हे कळल्यावर ती जरा रागावलीच. "मग तिथेच का नाही सांगितलं?"

दीड किलोमीटर आधी सुटलेली रिक्षा

आता २६चा प्रश्न. तिच्या समीकरणात मी क्ष = १.५ घालायला सांगितलं. ५१.७१ आले. "दीड किलोमीटरला बाबा किती घेतात?" सव्वीस. "मग हे ५१.७१ कुठलं भाडं आहे?" तक्ता बघून ती म्हणाली, तीन किलोमीटरचं.

म्हणजे तिची रेष खऱ्या रेषेला समांतर होती, चढ बरोबर होता, फक्त ती दीड किलोमीटर डावीकडे सरकली होती. तिच्या समीकरणातला मीटर पॅसेंजर बसल्या क्षणी २६वर असतो आणि लगेच पळायला लागतो. खऱ्या रिक्षात २६ रुपयांत दीड किलोमीटर आधीच येतो. २६ हा आकडा शून्यावरचा नाही, दीडवरचा आहे. म्हणजे तो एकटा आकडा नाही, (१.५, २६) हा बिंदू आहे.

हे एकदा बोलून झाल्यावर मी सूत्र न सांगता विचारलं, दीडच्या पुढे किती गेलो ते कसं लिहिशील? "क्ष वजा दीड." त्याचे पैसे? "गुणिले १७.१४." आणि २६च्या वर किती गेलं ते? "य वजा २६." दोन्ही एकच ना? तिनं लिहिलं:

य − २६ = १७.१४ (क्ष − १.५)

बिंदू आणि चढ यांवरून मिळणारं हे रूप कॉलेजच्या पुस्तकात सूत्र म्हणून चौकटीत छापलेलं असतं. तिनं ते बाबांच्या रिक्षातून काढलं. माझं ठाम मत झालंय की मुलांना हेच रूप आधी द्यावं आणि 'एमएक्स प्लस सी' नंतर. जगातल्या फार थोड्या गोष्टी शून्यावर सुरू होतात. हातात असतो तो मधलाच कुठला तरी बिंदू आणि तिथून पुढचा दर. या रूपात तो बिंदू दिसत राहतो, हरवत नाही.

कंस सोडवल्यावर तिला धक्का बसला. १७.१४ गुणिले १.५ म्हणजे २५.७१, आणि २६ वजा २५.७१ म्हणजे ०.२९. समीकरण आलं य = १७.१४ क्ष + ०.२९. 'सी' अवघे एकोणतीस पैसे! म्हणजे ही रेष जवळजवळ आरंभबिंदूतून जाते. किमान भाडं म्हणजे वेगळी लावलेली फी नाही, दीड किलोमीटरचे पैसे पूर्ण रुपयात केलेत एवढंच. आधीच्या, ऑक्टोबर २०२२च्या दरातही तेच होतं: १५.३३च्या दरानं दीड किलोमीटरचे २२.९९५, किमान भाडं २३. टॅक्सीचं फेब्रुवारी २०२५पासूनचं किमान भाडं ३१ आणि दर २०.६६. त्याचाही दीडपट ३०.९९. तिनं हे तिन्ही हिशेब करून घरी वडिलांना दाखवले.

याच आलेखावर तिचं दुसरं गणितही सुटलं. पहिल्या दीड किलोमीटरात भाडं २६वरच असतं, तिथे रेष आडवी, चढ शून्य. दीडनंतर तिरपी. आणि फाटकाशी रिक्षा अडकली की? अंतर वाढत नाही, पण थांबण्याचे पैसे चढत राहतात. आलेख सरळ उभा जातो. "इथे दर किलोमीटरला किती, असं विचारलं तर?" ती म्हणाली, "पण किलोमीटर झालाच नाही ना बाई." म्हणूनच शून्यानं भागता येत नाही आणि उभ्या रेषेचा चढ काढता येत नाही. आधी तिनं ५ भागिले ० लिहून शून्य हे उत्तर दिलं होतं. त्या दिवशी तिनंच ते खोडून बाजूला 'क्ष = ३' असं उभ्या रेषेचं समीकरण लिहिलं.

ऋण चढासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. घर सहा किलोमीटरवर असेल तर उरलेलं अंतर य = ६ − क्ष, दर किलोमीटरला एकानं कमी. पहिलं गणित तिनं पुन्हा केलं: −२ वजा ४ म्हणजे −६, ३ अधिक १ म्हणजे ४, चढ −३/२. मग (−१, ४) हा बिंदू धरून य − ४ = −३/२ (क्ष + १), आणि सोडवून ३क्ष + २य − ५ = ०. दोन्ही बिंदू घालून पडताळाही पाहिला, न सांगता.

तीन रुपयांची बातमी

ऑगस्टमध्ये तिला मी जुन्या आणि नव्या भाड्याच्या रेषा एकाच कागदावर काढायला सांगितल्या. बातम्यांत 'रिक्षा ३ रुपयांनी महागली' असं आलं होतं. २३चे २६ झाले, म्हणून तीन. पण ते दीड किलोमीटरच्या बिंदूवर. चढ १५.३३चा १७.१४ झाला, म्हणजे दर किलोमीटरला १.८१ जास्त. तिनं हिशेब केला: पाच किलोमीटरला जुने ७७, नवे ८६, फरक ९. दहाला जुने १५३, नवे १७२, फरक १९. लांबून येणाऱ्या पॅसेंजरला खरी वाढ चढानं दिली, आणि बातमी बिंदूबद्दल बोलत होती. ती म्हणाली, बाबांना हे माहीत होतं, पण असं सांगता आलं नसतं.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा १९८०च्या दशकात अभ्यास झाला होता. गिऱ्हाइकाशी तोंडी अचूक हिशेब करणारी मुलं तेच गणित कागदावर शाळेच्या पद्धतीनं दिल्यावर चुकत होती. मला ते वाचून माहीत होतं. पण समोर बसलेल्या मुलीनं तोंडानं ८६ सांगून हातानं १११.७० लिहिलेलं बघणं वेगळं.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. ३क्ष + २य − ५ = ० ही रेषा य-अक्षाला कुठे छेदते असं विचारलं की ती अजूनही पहिल्या फटक्यात '−५' म्हणते. कारण पुस्तकात सामान्य रूप एएक्स + बीवाय + सी = ० असं लिहितात आणि दुसरीकडे एमएक्स + सी. एकच 'सी', दोन अर्थ. क्ष शून्य ठेवून बघ म्हटलं की तिला लगेच ५/२ मिळतं, पण म्हणावं लागतं. दोन ठिकाणी दोन वेगळी अक्षरं वापरली तर हा गोंधळ टळेल, म्हणून माझ्या शिकवण्यात मी सामान्य रूपात आता 'सी' लिहीतच नाही.

सप्टेंबरात तिनं स्वतःहून एक गणित करून आणलं. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत भाडं सव्वापट असतं. म्हणून रात्रीची रेष य = २१.४२५ क्ष + ०.३६२५. चढ वेगळे, म्हणजे दिवसाची आणि रात्रीची रेष कुठे तरी छेदणार. तिनं दोन्ही समीकरणं सोडवली, भाग १च्या पद्धतीनं, आणि क्ष आला उणे ०.०१७. म्हणजे रिक्षात बसायच्या सतरा मीटर आधी, भाडं शून्य रुपये.

उत्तराखाली तिनं पेन्सिलीनं एक ओळ लिहिली होती: 'दोन्ही समीकरणं क्ष १.५ पेक्षा मोठा असेल तरच खरी. इथे मीटर टाकलेलाच नाही.'